छोट्या लाइनीची उरलेली वाट

आमच्या बुटीबोरीने रेल्वे लवकर पाहिली. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची ब्रॉडगेज गाडी बडनेरा-वर्धा मार्गे नागपूरला पोचली, ती याच वाटेने. पण माझ्या लहानपणची खरी रेल्वे वेगळी. आईचे माहेर सौंसरकडचे. दिवाळीच्या सुटीत आम्ही नागपूरला उतरून इतवारी स्टेशन गाठायचो आणि छिंदवाड्याच्या ‘छोट्या लाइनी’च्या गाडीत शिरायचो. परतताना सीटखाली संत्र्यांच्या टोपल्या असत.

ही लाइन बंगाल-नागपूर रेल्वेच्या सातपुडा जाळ्यातली. गोंदिया-नैनपूर-जबलपूर हा त्यातला मुख्य मार्ग १९०३ ते १९०५ या काळात पुरा झाला. नागपूर-छिंदवाडा हा सुमारे दीडशे किलोमीटरचा मार्ग त्यानंतरच्या दशकातला. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटर अंतर असते. इथे ते ७६२ मिलिमीटर होते. रुंदी कमी म्हणून भराव, पूल आणि कापणी यांचा खर्च कमी. शिवाय छोटी गाडी जास्त बाकदार वळण घेऊ शकते. त्यामुळे डोंगर फोडण्याऐवजी त्याला वळसा घालून चढता येई. हा वळसाच पुढे महत्त्वाचा ठरतो.

१९९२ पासून देशभर ‘एक गेज’ धोरण राबवले गेले. नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन २०१५ मध्ये बंद झाली आणि पुढे तिथे ब्रॉडगेज आली. तिची इंजिने आता नागपुरात मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात पाहायची.

परदेशातली कथा वेगळी. तिथे मोटारीपुढे टिकाव न लागल्याने हजारो किलोमीटर मार्ग कायमचे बंद पडले. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधला एलरॉय ते स्पार्टा हा मार्ग १९६७ मध्ये सायकलवाट झाला. वाटेत तीन बोगदे आहेत. न्यूझीलंडच्या ओटागो भागात २००० साली खुली झालेली दीडशे किलोमीटरची वाट ओस पडू लागलेल्या खेड्यांना मुक्कामी पाहुणे देऊ लागली. स्पेनमधल्या सिएरा वाटेची गंमत तर अशी, की तीस बोगदे खणूनही तिथे गाडी कधी धावलीच नाही; आज ३६ किलोमीटर सायकली धावतात.

आपल्याकडे मार्ग सहसा सोडला जात नाही, रुंद केला जातो. मग सायकलवाटेला जागा उरते कुठे? उत्तर त्या वळशात आहे. सपाटीवर ब्रॉडगेज जुन्याच भरावावर बसते. घाटात मात्र मोठ्या गाडीला तेवढे बाकदार वळण झेपत नाही. नवा मार्ग सरळ जातो आणि जुन्याचा तुकडा बाजूला पडतो. असे घडणे नवे नाही. बोरघाटात १८६३ पासून गाडी ज्या उलटफेर स्टेशनात तोंड फिरवी, ते १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे निकामी झाले.

मागच्या हिवाळ्यात सायकल घेऊन मी सौंसरहून रामाकोन्याला निघालो. हमरस्त्यावर ट्रक अंगावरून जात होते. पुढे सिल्लेवानीच्या घाटात उतरून सायकल ढकलावी लागली. वय माझे साठीच्या पुढे. एका ठिकाणी झाडीत खडीची अरुंद पट्टी वळताना दिसली, म्हणून तिच्यावर शिरलो. चढ होता, पण पायाला जाणवेना. वाफेच्या इंजिनाला झेपावा म्हणून बेताचा ठेवलेला तो उतार शंभर वर्षांनी माझ्या गुडघ्यांना उपयोगी पडला. समोरून हँडलला दुधाचे कॅन लावलेला एक सायकलवाला आला. म्हणाला, “भाऊ, रूळ उचलले तेव्हापासून हाच आमचा रस्ता आहे.”

म्हणजे वाट झालेलीच आहे. तिला नाव आणि संरक्षण तेवढे नाही. अमेरिकेत १९८३ च्या कायद्याने यावर तोड काढली: मार्ग रेल्वेसाठी राखीवच मानायचा, पुन्हा गरज लागेपर्यंत तिथे लोकांनी चालायचे, सायकल चालवायची. तिथे जमीन परत मागणाऱ्या मालकांशी १९९० पर्यंत सर्वोच्च न्यायालयात भांडावे लागले. आपल्याकडे हा मार्ग रेल्वेच्या मालकीचा. म्हणून दक्षिण पूर्व मध्य रेल्वे आणि वाटेवरच्या ग्रामपंचायती यांनी मनावर घेतले, तर काम तुलनेने सोपे आहे. भराव मात्र वाट पाहत नाही. मुरूम उचलला गेला, मोरी ढासळली, शेताचा बांध पुढे सरकला, की शंभर वर्षांचा उतार पुन्हा बांधणे कुणाला परवडणार नाही.

आणि ही वाट केवळ शहरी हौशी सायकलस्वारांसाठी नको. छोटी गाडी गेली तेव्हा पुढची काही वर्षे या गावांना स्वस्त प्रवास उरला नव्हता. ज्यांनी ती गैरसोय सोसली, त्यांच्या शाळकरी मुलांना आणि दूधवाल्यांना ट्रकांपासून दूर एक सुरक्षित रस्ता मिळावा, एवढे त्यांचे येणे आहे. आईच्या माहेरची गाडी परत येणार नाही. तिचा वळसा अजून जागेवर आहे, तोवरच हे बोलायला हवे.