पालघर व बोईसर-तारापूर : स्थानिक स्वराज्य संस्था

1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा आठ तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याच्या ग्रामीण भागाचा कारभार 57 सदस्यांची जिल्हा परिषद, तालुक्यांच्या पंचायत समित्या आणि गावोगावच्या ग्रामपंचायती पाहतात. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे, ग्रामीण रस्ते ही जिल्हा परिषदेची मुख्य कामे. तिचे प्रशासन मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे, पंचायत समितीचे गटविकास अधिकाऱ्याकडे असते. शहरी भागात वसई-विरार महानगरपालिका (2009), पालघर व डहाणूच्या नगर परिषदा आणि संस्थानी काळापासूनची जव्हार नगर परिषद आहेत.

या रचनेतले सर्वांत अवघड गाव बोईसर. 2011 च्या जनगणनेने त्याची नोंद नगर म्हणून केली, पण कारभार ग्रामपंचायतीचाच राहिला. ग्रामपंचायतीला जास्तीत जास्त 17 सदस्य असतात. साडेसात हजार वस्ती ओलांडली की हा आकडा गाठला जातो. पुढे वस्ती कितीही वाढली तरी सदस्य वाढत नाहीत. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, गटारे, कचरा एवढे पंचायतीच्या हाती. रेल्वे स्थानकालगतच्या दाट वस्तीला हे अपुरे पडते, म्हणूनच नगर परिषदेची मागणी जुनी आहे.

शेजारी तारापूर औद्योगिक क्षेत्र. सरावली, सालवड, कुंभवली, कोलवडे, पास्थळ या गावांशी त्याची हद्द गुंतलेली आहे. तिथे रस्ते, पाणी, भूखंडवाटप आणि बांधकामाचे नकाशे मंजूर करणे हे सारे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे. कारखानदार नकाशा महामंडळाकडे नेतो. पलीकडच्या चाळीतला कामगार घरपट्टी ग्रामपंचायतीत भरतो. सांडपाण्यावर देखरेख प्रदूषण नियंत्रण मंडळाची. त्यामुळे नाल्यातून रंगीत पाणी आले तर सरपंचाला तक्रारच करता येते, कारखाना बंद करता येत नाही. खाडी-समुद्राच्या प्रदूषणाबद्दल मच्छीमारांच्या मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले, ते यामुळेच. तारापूरचे अणुवीज केंद्र (1969) तर केंद्र सरकारच्या अखत्यारीत.

जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. पालघर तालुक्यातील काही गावेही त्यात येतात. अशा गावांत 1996 चा पेसा (पंचायतींचा अनुसूचित क्षेत्रांत विस्तार) कायदा आणि राज्याचे 2014 चे नियम लागू आहेत. सरपंचपद अनुसूचित जमातीसाठी राखीव असते आणि भूसंपादनापूर्वी ग्रामसभेचा सल्ला घ्यावा लागतो. गौण वनोपज, गौण खनिजे, दारूविक्री यांतही तिचा शब्द चालतो. मात्र पेसा पंचायतींपुरता आहे. अनुसूचित क्षेत्रातील नगरपालिकांसाठी संसदेने वेगळा कायदा करायचा होता, तो झालेला नाही. परिणामी असे गाव नगर परिषदेत गेले की पाड्यांवरच्या ग्रामसभांचे हे अधिकार जातात. बोईसरला नगर परिषदेची गरज खरी आहे. पण हद्द आखताना आदिवासी पाडे त्यांच्या संमतीवाचून आत ओढणे अन्यायाचे ठरेल.