मद्रासचा गुलाम कासिम

चेन्नईच्या उत्तरेस, आंध्रच्या सीमेनजीक असलेल्या गुम्मिडिपूंडी येथे बदलून आल्यावर संध्याकाळच्या रिकाम्या वेळी मी एका तमिळ सहकाऱ्यापाशी बुद्धिबळाचे धडे घेऊ लागलो. लहानपणी आजोबांनी शिकविलेला डाव देशी पद्धतीचा. त्यात प्यादे पहिल्या खेळीसही एकच घर चाले. येथे पहिल्याच आठवड्यात ‘मुझिओ गॅम्बिट’ हा जुना प्रारंभ पुढे आला आणि मी पुरता गोंधळलो.

यात दोन्ही राजांपुढील प्यादी दोन-दोन घरे सरकतात. मग पांढरा आपल्या उंटापुढील प्यादे बळी देऊ करतो. काळा ते घेतो, आणि पुढे पांढऱ्याच्या घोड्यावर प्यादे घालतो. घोडा वाचविण्याऐवजी पांढरा किल्लेकोट करतो! घोडा जातो, परंतु हत्ती व वजीर यांना काळ्या राजाकडे जाणारी वाट मोकळी होते. नवशिक्यास हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटल्यास नवल नाही.

नावावरून ही विद्या सर्वस्वी परकी असावी, असा माझा ग्रह झाला होता. इतिहास निराळे सांगतो. १८२८-२९ मध्ये मद्रास व हैदराबाद यांच्यात पत्राद्वारे दोन डाव खेळले गेले. मद्रासच्या बाजूची मुख्य सूत्रे गुलाम कासिम या एतद्देशीय खेळाडूकडे होती. मद्रासच्या मुलकी सेवेतील जेम्स कॉक्रेन याच्या सहकार्याने त्याने त्या डावांवर टिपणे लिहिली आणि मुझिओ गॅम्बिटाचे विवेचन केले. ते पुस्तक १८२९ साली मद्रास येथे छापले गेले. किल्लेकोटाऐवजी वजिरापुढील प्यादे दोन घरे पुढे टाकण्याची खेळी आजही कासिमच्या नावाने ओळखली जाते.

याच्या आधी, १८१४ साली, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा संस्कृतवरून इंग्रजीत आणलेला बुद्धिबळविषयक ग्रंथ मुंबईत प्रसिद्ध झाला होता. या दोघांच्या तोडीचे खेळाडू त्या काळी आपल्या गावोगावी नसतील, असे कोण म्हणेल? परंतु त्यांचे डाव पटाबरोबरच उचलले गेले. हे दोघे कागदावर उतरले म्हणून उरले.

दिवसभर नोंदी करण्यात आयुष्य घालविणाऱ्या आम्हां कारकुनांना हे कोणी सांगावयास नको. तरी आजोबांच्या डावांतील एकही खेळी मी टिपून ठेवली नाही, ही रुखरुख आता वाटते. हल्ली मी रोज हरतो. मात्र हरलेला प्रत्येक डाव वहीत उतरवितो.