पानाचे दोन धनी

पत्त्यांच्या खेळाचा इतिहास राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतकाच गुंतागुंतीचा आहे, आणि तितकाच पैशाशी जखडलेलाही. कागदाचा एवढासा तुकडा, पण जन्मापासून त्याला दोन धनी लाभले. एक खेळ आणि दुसरा पैसा. खेळ सांगतो, पान टाक. पैसा सांगतो, पान राख. या दोघांच्या ओढाताणीत एक विलक्षण टप्पा १९९८ साली जपानात आला. मुलांनी डोक्यावर घेतलेल्या पोकेमॉन पत्त्यांचा खेळ त्या वर्षी खिशात मावणाऱ्या एका यंत्राच्या पडद्यावर उतरला. पान कागदाचे राहिले नाही, आणि म्हणून ते एकेकटे विकताही येईना. तेव्हाची मुले आज तिशी-चाळिशीत आहेत, आणि त्यांतली कित्येक तो खेळ पुन्हा हौसेने खेळताना दिसतात. त्यांच्या या हौसेचे मर्म जाणावयाचे, तर आधी पावणेपाचशे वर्षे मागे गेले पाहिजे.

१५४३ साली पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले. पूर्वेकडील त्यांच्या राज्याची राजधानी आपले गोवे. सहा वर्षांनी, १५४९ मध्ये, फ्रान्सिस झेवियर हा धर्मोपदेशक जपानला पोचला, तोही गोव्याहूनच निघून. या खलाशी आणि व्यापारी मंडळींबरोबर बंदुका गेल्या, धर्म गेला आणि पत्तेही गेले. पोर्तुगीज भाषेतला 'कार्ता' जपानी तोंडात 'कारुता' झाला, आणि तो शब्द तिथे अजून नांदतो आहे. पुढे सतराव्या शतकात तोकुगावा राजवटीने परकीयांना दारे बंद केली. १६३९ साली पोर्तुगीजांची हकालपट्टी झाली आणि त्यांच्या धाटणीच्या पत्त्यांवरही बंदी आली, कारण पत्ते म्हणजे जुगार हे समीकरण तोवर पक्के झाले होते. परंतु जुगाऱ्याची बुद्धी राजाज्ञेपेक्षा नेहमीच चपळ असते. एका नक्षीवर बंदी आली की कारागीर दुसरी नक्षी काढीत. या लपंडावातून अखेर 'हानाफुदा', म्हणजे फुलांचे पत्ते, जन्माला आले. पाने अठ्ठेचाळीस, महिने बारा, दर महिन्याला चार पाने आणि एक वनस्पती. जानेवारीला पाइन, मार्चला चेरीचा बहर, सप्टेंबरला शेवंती. पानावर आकडा म्हणून नाही. आकडा नसलेल्या पानावर जुगाराचा आरोप ठेवावयाचा तरी कसा!

मेइजी काळात बंधने सैल झाली. १८८९ साली फुसाजिरो यामाउची याने क्योतो शहरात हानाफुदा तयार करण्याचा कारखाना काढला. त्याचे नाव निन्टेंडो. त्याच्या पत्त्यांना मुबलक गिऱ्हाईक लाभले ते जुगाराच्या अड्ड्यांवर, असे सांगतात. तिथे खोड्या टाळण्यासाठी वरचेवर कोरा कॅट फोडावा लागे. जपानी गुंडांना लावला जाणारा 'याकुझा' हा शब्दही पत्त्यांतूनच आला आहे. आठ, नऊ आणि तीन ही पाने हाती आली की बेरीज वीस होते आणि त्या डावात तिची किंमत शून्य ठरते. म्हणजे याकुझा हा शब्दशः कवडीमोलाचा हात! दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ साली, कारखाना यामाउची घराण्यातल्या हिरोशीच्या हाती आला. त्याने १९५३ साली प्लास्टिकचे पत्ते काढले आणि १९५९ साली डिस्नेची चित्रे छापून पत्ते जुगाऱ्याच्या बैठकीतून काढून मुलांच्या माजघरात नेले. मग खेळणी आली, विजेवरचे खेळ आले आणि १९८९ साली 'गेम बॉय' हे हातात धरून खेळावयाचे यंत्र आले. कारखान्याला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती.

इकडे पश्चिमेत पानाची दुसरीच शाखा वाढत होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत सिगारेटचे पाकीट चेपू नये म्हणून त्यात जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. त्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा येईल, ही युक्ती कोणा व्यापाऱ्याला सुचली. नटी, पहिलवान, बेसबॉलचे खेळाडू यांच्या चित्रमाला निघाल्या. आपल्याकडील मुलांनी काड्यापेटीचे छाप ज्या निष्ठेने जमवले, त्याच निष्ठेने तिकडील मुलांनी ती चित्रे जमवली. पुढे सिगारेटची जागा च्युइंगमने घेतली. टॉप्स कंपनीने १९५२ साली काढलेल्या बेसबॉल-पत्त्यांपैकी उरलेला माल १९६० च्या सुमारास चक्क अटलांटिक समुद्रात नेऊन बुडवला, कारण गुदामात जागा नव्हती. त्याच मालेतले मिकी मँटल या खेळाडूचे एक पान २०२२ साली सव्वा कोटी डॉलरांहून अधिक किमतीला लिलावात गेले. समुद्राने गिळले म्हणूनच उरलेल्याला मोल आले, असे म्हणावयास हरकत नाही.

या पत्त्यांत एक उणीव होती. ते जमवता येत, बदलता येत. पण त्यांनी डाव मांडता येत नसे. आणि ज्या पत्त्यांनी डाव मांडता येई ते साऱ्यांचे सारखेच असत. तुमची बदामराणी आणि माझी बदामराणी यांत फरक कसला? या दोन शाखांचे लग्न लावले ते रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने. १९९३ साली त्याचा 'मॅजिक' हा पत्त्यांचा खेळ अमेरिकेत निघाला. त्यात प्रत्येक खेळाडूने बंद पाकिटे विकत घेऊन, अदलाबदल करून, आपला कॅट आपण जुळवावयाचा. आरंभी तर हरणाऱ्याने आपले एक पान जिंकणाऱ्याला द्यावे असाही नियम होता. म्हणजे पैसा पुढच्या दाराने गेला की मागच्या दाराने आत येतो, तो असा.

आता पुन्हा जपान. सातोशी ताजिरी हा तोक्योच्या उपनगरात वाढलेला, लहानपणी किडे पकडण्याचे वेड असलेला मुलगा. मोठेपणी दोन गेम बॉय जोडणारी तार पाहून त्याच्या मनात आले, की या तारेवरून किडे इकडून तिकडे सरपटत गेले तर? त्यातून १९९६ च्या फेब्रुवारीत 'पोकेमॉन'चा पहिला व्हिडिओ गेम निघाला. त्यातले काही प्राणी लाल आवृत्तीत, तर काही हिरव्या आवृत्तीत. सगळे हवे असतील तर दुसऱ्या मुलाकडे जाणे भाग. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात या प्राण्यांचे पत्ते बाजारात आले. १९९९ साली ते इंग्रजीत अमेरिकेला गेले आणि तिथल्या शाळांत अशी काही झुंबड उडाली, की कित्येक मुख्याध्यापकांना पत्ते शाळेत आणण्यास मनाई करावी लागली. मधल्या सुट्टीत भांडणे, फसवाफसवी, रडारड. मुले पाने जमवीत, पण त्यांतल्या फार थोड्यांना तो खेळ खेळता येत होता. पानाचा दुसरा धनी पुरता जिंकला होता.

नेमक्या अशा वेळी या पत्त्यांचा गेम बॉयवरचा अवतार आला. जपानात १९९८ च्या डिसेंबरात, अमेरिकेत २००० सालच्या एप्रिलात. २०२३ साली निन्टेंडोने तो आपल्या स्विच यंत्रावर पुन्हा उपलब्ध करून दिला, तेव्हा मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळलो. रचना अगदी साधी. मेसन नावाचे एक डॉक्टर तुम्हांस तीन कॅटांतून एक निवडावयास सांगतात. मग आठ मंडळे: गवताचे, आगीचे, पाण्याचे, विजेचे, खडकाचे असे. प्रत्येक मंडळाच्या प्रमुखाला हरवावयाचे आणि अखेर चार महागुरूंशी सामना द्यावयाचा. कॅट साठ पानांचा. एका नावाची चारच पाने, ऊर्जेची मात्र हवी तितकी. सहा पाने बक्षीस म्हणून बाजूला पालथी ठेवलेली; शत्रूचा एक प्राणी लोळवला की एक बक्षीस उचलावयाचे. डाव जिंकला की नव्या पानांची पाकिटे मिळतात. हरला तर काही जात नाही. आणि मुख्य गोष्ट ही, की या सबंध राज्यात पैसा नाही. दुकान नाही, नाणे नाही, लिलाव नाही. नाणे आहे ते केवळ छापा-काटा करण्यापुरते, आणि ते बेटे ऐन वेळी हटकून उलटे पडते!

पैसा निघून गेल्याबरोबर पानांची खरी योग्यता उघडी पडते. चारिझार्ड हा ज्वाला ओकणारा प्राणी या पत्त्यांचा सम्राट. त्याच्यासाठी मुलांनी काय काय दिले असेल याची गणती नाही. पण डावात त्याला आणावयाचे तर आधी चारमँडर, मग चारमेलियन, मग तो स्वतः अशी तीन पाने एकावर एक चढली पाहिजेत. मग ऊर्जेची चार पाने लावा, तीही एका खेपेस एकच या हिशेबाने. एवढे करून त्याने एक जबर तडाखा दिला की त्यांतली दोन पाने खर्ची पडली. सम्राट सिंहासनावर बसेपर्यंत डाव अनेकदा संपलेला असतो. उलट 'बिल' नावाचे एक साधे पान आहे, पाकिटागणिक सापडणारे. ते टाकले की दोन नवी पाने उचलावयास मिळतात, बस्स. 'प्रोफेसर ओक' हे त्याचे थोरले भावंड. हातातले सारे टाकून सात नवी घ्यावयाची. बाजारात या दोघांना चारिझार्डच्या नखाची सर नव्हती, पण डाव जिंकून देतात ती हीच. किंमत आणि कामगिरी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे वर्गात शंभरदा सांगून जे मुलांच्या गळी उतरत नाही, ते हे छोटे यंत्र चार संध्याकाळींत शिकवते. आणखी एक. यंत्र नियमाच्या बाबतीत न्यायाधीशासारखे कठोर. नियमाबाहेरचे पान टाकूच देत नाही. ज्या मुलांनी पाने नुसती वहीत चिकटवली होती, त्यांना खेळ शिकवला तो या यंत्राने.

मग यात उणे काय? समोरचा भिडू. यंत्रातला प्रतिस्पर्धी रुसत नाही, पाने लपवीत नाही, हरल्यावर 'आणखी एक डाव' म्हणून गळ घालीत नाही. नियमावरून वाद नाही, म्हणून वाद मिटवण्याची कलाही नाही. जिच्यापायी मुख्याध्यापक हैराण झाले त्या अदलाबदलीतच मुले माणसे ओळखावयास शिकत होती, हे शिक्षक म्हणून मला मान्य केले पाहिजे. आणि वाचकहो, खेळ रचणाऱ्यांना याची जाणीव होती. दोन यंत्रे तारेने जोडून खऱ्या मित्राशी सामना खेळण्याची सोय त्यांनी ठेवलीच. शिवाय आणखी एक मौज केली. दोन मुलांनी आपापली यंत्रे समोरासमोर धरली की अदृश्य किरणांच्या द्वारे दोघांनाही एकेक पान मिळे. अट अशी, की त्याच माणसाशी हा प्रकार लगेच पुन्हा करता येत नसे. नवे पान हवे तर नवा माणूस शोधा. खेळातील दोनशेहून अधिक पानांपैकी दोन पाने अशी होती, की ती कितीही सामने जिंकले तरी मिळत नसत. ती मिळत या समोरासमोरच्या भेटीतूनच, आणि तीही क्वचित. ज्या खेळात पैशाने काही मिळत नाही, त्यात सर्वांत दुर्मीळ पानाची किंमत एक ओळख अशी ठरवली गेली होती.

हा समतोल टिकला नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात हेच पत्ते मोबाईलवर नव्या रूपाने आले. कॅट वीस पानांचा, डाव झटपट. दिवसाला दोन पाकिटे फुकट. अधिक हवी असतील तर पैसे मोजा. पाकीट बोटाने फाडण्याचा आभास इतका हुबेहूब, की पुष्कळांना पाकीट फोडणे हाच खेळ वाटतो. अदलाबदलीची सोय पहिल्या दिवसापासून नव्हती. ती २०२५ च्या जानेवारीत आली, ती इतक्या अटी घेऊन की खेळणाऱ्यांनी गिल्ला केला. कागद नसतानाही पैसा परत येऊ शकतो, हे त्यावरून सिद्ध झाले. आणि कागदाच्या पानांची कथा तर विचारूच नका. १९९८ च्या सुमारास चित्रस्पर्धेतील विजेत्या मुलांना बक्षीस म्हणून दिलेले पिकाचूचे एक पान २०२१ साली ५२ लाख ७५ हजार डॉलरांस विकले गेले. त्या पानाने डाव खेळता येत नाही. ते आहे नुसते प्रशस्तिपत्र!

आपण यावर हसण्याचे कारण नाही. सावंतवाडीच्या गंजिफा पाहा. इराणकडून आलेला हा खेळ आपल्या लोकांनी दशावतारांत रंगवला. दहा रंग, दर रंगाची बारा, अशी एकशेवीस गोल पाने. ही कला विझू लागली तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्याने पुढाकार घेऊन ती जगवली, हे त्यांचे मोठेच उपकार. ती पाने आजही हाताने रंगवली जातात, लोक कौतुकाने विकत घेतात आणि काचेच्या चौकटीत लावतात. मात्र ती पिसून, वाटून, उतारी करून खेळणारी माणसे शोधावीच लागतात. चित्र वाचले, डाव हरवत चालला.

जुन्या पत्त्यांच्या ओढीने तो पंचवीस वर्षांपूर्वीचा व्हिडिओ गेम पुन्हा हाती घेणाऱ्यांना लोक बालिश म्हणतात. मला तसे वाटत नाही. त्यांच्या कपाटातली कागदी पाने आता मोलाची झाली आहेत, म्हणून त्यांना हात लावावयाची त्यांना भीती वाटते. पडद्यावरची पाने मोलाची नाहीत, म्हणून ती खुशाल टाकता येतात. पण डाव जिंकल्यावर मान वर करून बघावे तर समोर कोणी नसते. तेव्हा त्यांनी, आणि ज्यांच्या घरी पत्त्यांचा एखादा जुना कॅट दिवाळीच्या साफसफाईत सापडेल त्या सर्वांनी, चार माणसे जमवून तो एकदा पिसावा. पानांच्या कडा थोड्या झिजतील. झिजू द्याव्यात.