एकरेणवीय पटलाचे वलीकरण

पाण्याच्या पृष्ठभागावर पसरलेला एका रेणूइतक्या जाडीचा थर बाजूंनी दाबत गेल्यास एका मर्यादेपलीकडे तो सपाट राहू शकत नाही. तो वाकतो आणि त्याची घडी पाण्यात उतरते. या क्रियेस एकरेणवीय पटलाचे वलीकरण असे म्हणता येईल. फुप्फुसांतील वायुकोशांच्या आतील द्रवावर असेच पटल असल्याने श्वसनाच्या अभ्यासात या क्रियेला महत्त्व आहे.

यंत्रणा

असे पटल बहुधा फॉस्फोलिपिडांचे असते. रेणूचे जलस्नेही टोक पाण्यात, तर जलविरोधी शेपट्या हवेकडे असतात. २५° से. तापमानास शुद्ध पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. पटलामुळे त्यात होणारी घट म्हणजे पृष्ठदाब. ताणलेला पृष्ठभाग पटलाला सपाट ओढून धरतो, त्यामुळे पृष्ठताण शून्याच्या जवळ येईपर्यंत घडी सहसा पडत नाही.

दाब असह्य झाल्यावर सर्व पटले सारखी वागत नाहीत. फार प्रवाही पटलातील रेणू तुटून पाण्यात निघून जातात, तर फार ताठर पटलाला तडे जातात. या दोहोंच्या मधल्या पटलाला घडी पडते. घडीतील रेणू पटलाशी जोडलेलेच राहतात व दाब कमी होताच पुन्हा पसरू शकतात. पाण्यात गेलेले रेणू मात्र सहज परतत नाहीत.

पाण्यावर तरंगणाऱ्या पातळ पॉलिएस्टर पत्र्यावर २००८ साली झालेल्या प्रयोगांत प्रथम सर्वत्र सुरकुत्या पडल्या. दाबामुळे झालेले आकुंचन सुरकुत्यांच्या तरंगलांबीच्या सुमारे एकतृतीयांश झाले, तेव्हा त्या मावळून एकच खोल घडी उरू लागली.

अभ्यास व वैद्यकीय महत्त्व

पाण्यावरील पटल सरकत्या पट्टीने दाबण्याची पद्धत आग्नेस पॉकेल्स यांनी जर्मनीत, घरच्या स्वयंपाकघरात विकसित केली. त्यांचे पत्र लॉर्ड रॅले यांच्या शिफारशीने १८९१ साली ‘नेचर’मध्ये छापले गेले. या पटलांना आज नाव आहे ते मात्र १९३२ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी अर्व्हिंग लँगम्यूर यांचे.

उच्छ्वासाच्या वेळी वायुकोश आकुंचन पावताना फुप्फुसातील पटल पृष्ठताण अत्यंत कमी करते आणि वायुकोश मिटू देत नाही. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बालकांत हे द्रव्य अपुरे असते. श्वसनविकाराने दगावलेल्या अशा बालकांच्या फुप्फुसांतील त्याची उणीव मेरी एलेन एव्हरी व जेरी मीड यांनी १९५९ साली दाखवली. गाईच्या फुप्फुसातून मिळवलेल्या द्रव्याने अशा बालकांवर केलेले यशस्वी उपचार जपानमधील तेत्सुरो फुजिवारा व सहकाऱ्यांनी १९८० साली प्रसिद्ध केले.