गोदीची भिंत

नदीकांठच्या एखाद्या पडीक भागाचा कायापालट झाला, कीं आपण नव्या इमारतींची उंची मोजूं लागतों. तेथें पूर्वीं कोण राबत होते, याची चौकशी सहसा करीत नाहीं. लंडनच्या पूर्वेस थेम्सच्या वळणांत वसलेल्या आयल ऑफ डॉग्ज या भागाचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

नदीच्या उघड्या पात्रांत नांगरलेल्या जहाजांवरील मालाची चोरी थांबावी, म्हणून वेस्ट इंडीजशीं व्यापार करणाऱ्या धनिकांनीं १८०२ सालीं येथें उंच भिंतीच्या आड गोदी उघडली. गुलामांच्या श्रमांतून निघालेली साखर तेथें उतरे. जवळच १८०६ सालीं ईस्ट इंडिया गोदी सुरू झाली; कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानची नीळ व चीनचा चहा तेथें येई. भिंतीच्या आंत संपत्ति आणि बाहेर दारिद्र्य, अशी ही व्यवस्था होती. मजूर रोज दाराशीं गर्दी करीत. ज्यास बोलावणें येई त्यास कांहीं तासांचें काम मिळे, बाकीचे रित्या हातांनीं परतत. १८८९ च्या संपांत त्यांनीं तासाला सहा पेन्स मजुरी मिळविली, तेव्हां अकुशल मजूरही संघटित होऊं शकतो हें इंग्लंडास कळून चुकलें.

पुढें कंटेनर नांवाच्या प्रचंड पेट्यांतून माल येऊं लागला आणि मोठीं जहाजें टिलबरीसच थांबूं लागलीं. १९६७ सालीं ईस्ट इंडिया व १९८० सालीं वेस्ट इंडिया गोदी बंद पडली. १९८१ सालीं सरकारनें विकास महामंडळ नेमलें आणि नगररचनेचे अधिकार लोकनियुक्त स्थानिक मंडळांकडून काढून त्याच्या हातीं दिले. १९९१ सालीं कॅनरी वॉर्फ येथें पन्नास मजली इमारत उभी राहिली; पुढच्याच वर्षीं ती बांधणारी कंपनी दिवाळखोरींत गेली. १९९९ सालीं बव्हंशी सार्वजनिक पैशानें बांधलेली भूमिगत रेल्वे येथें पोहोंचली, तेव्हां कोठें या वस्तीचा जम बसला. खासगी भांडवलाच्या पराक्रमाचे गोडवे गातांना हें विसरूं नये.

ओसाड कांठ पुन्हां गजबजला, हें श्रेय नाकारणें अन्यायाचें होईल. परंतु नव्या नोकऱ्या पेढ्यांतल्या व कचेऱ्यांतल्या होत्या. ओझीं वाहण्यांत हयात गेलेल्या माणसास त्या काय कामाच्या?

१८०२ च्या साखरेच्या वखारींत २००३ पासून वस्तुसंग्रहालय आहे. त्याच्या समोरील, गोदीचा एक प्रवर्तक रॉबर्ट मिलिगन याचा पुतळा २०२० सालीं हलविण्यांत आला. पुतळा हलविणें सोपें होतें. ज्यांच्या श्रमांवर हा कांठ उभा राहिला, त्यांच्या लेकरांस त्याच्या भाग्योदयांत कोणत्या दारानें प्रवेश मिळावा, हा प्रश्न मात्र अद्यापि दाराशींच तिष्ठत आहे.