टीपकार आणि काठ

लीळाचरित्र शिकवताना आम्ही म्हाइंभटांपाशी हमखास रेंगाळतो. चक्रधरांचे बोलणे वेरूळ-पैठणच्या वाटांवर झाले. ते आपल्या हाती आले म्हाइंभटांच्या चिकाटीमुळे. तसाच एक टीपकार आम्हांला गणिताच्या इतिहासात, मुंबईत, भेटला. १९५७ साली फ्रेंच गणिती जाक-लुई लिओन्स यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत इलिप्टिक समीकरणांवर व्याख्याने दिली. त्यांच्या टिपा बी. व्ही. सिंगबाळ यांनी सिद्ध केल्या.

प्रश्न वरवर साधा आहे. समीकरणात घातलेली सामग्री नितळ असेल, म्हणजे तिचे कितीही वेळा अवकलन करता येत असेल, तर उत्तरही नितळ निघते काय? प्रदेशाच्या आत याचे उत्तर तुलनेने लवकर मिळते. काठावर मात्र एका बाजूचा आधारच तुटतो, म्हणून तेथील नितळपणा स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो.

इलिप्टिक समीकरणाला सर्व दिशा उपलब्ध असतात. दिशा अपुऱ्या असल्या तर? कोल्मोगोरोव्ह यांनी १९३४ मध्ये असे समीकरण दाखविले, की ज्यात यदृच्छेचे धक्के कणाच्या केवळ वेगाला बसतात, तरी नितळपणा स्थानापर्यंत पोचतो. १९६७ मध्ये स्वीडनच्या लार्स हॉर्मांडर यांनी यामागचा सर्वसाधारण नियम सांगितला. गुलमंडीच्या गर्दीत मोटार लावणाऱ्याला तो उपजत ठाऊक असतो! मोटार आडवी सरकत नाही. पण पुढे, वळण, मागे, उलट वळण असे केले की ती आडवी सरकलेली असते. दिलेल्या सदिश क्षेत्रांच्या अशा अदलाबदलीतून उरलेल्या सर्व दिशा मिळत असतील, तर समीकरण हायपोइलिप्टिक ठरते. आतला नितळपणा शाबूत राहतो.

हॉर्मांडरांचे प्रमेय आतल्या भागाचे आहे, आणि कीर्तीही त्यालाच मिळाली. काठाची कहाणी अधिक अवघड, आणि आमच्या मते अधिक वाचनीय आहे. काठावर काही बिंदू असे येतात, की तेथे हाताशी असलेली प्रत्येक दिशा काठाला नुसती स्पर्शून जाते. एकही त्याला छेदत नाही. अशा बिंदूंपासून दूर, नितळ काठापर्यंत नितळपणा टिकतो. पण खुद्द त्या बिंदूंपाशी काय होते? डेव्हिड जेरिसन यांनी १९८१ मध्ये हायझेनबर्ग गटावर दाखवून दिले, की काठ नितळ, सामग्री नितळ, तरीही तेथे उत्तराचा नितळपणा ढळू शकतो.

मुंबईतील व्याख्याने याच्या बरीच आधीची, सर्व दिशा मोकळ्या असलेल्या समीकरणांची. तरी आत आणि काठ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्या टिपांतून विद्यार्थ्याला आधीच शिकता येत होते. सिंगबाळांचे नाव तेथे टीपकार म्हणून, एका ओळीत, येते.