सिमला ऑफिस ते मैत्री

हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं. म्हणून पुण्यातल्या त्या कचेरीला सिमला ऑफिस म्हणतात. त्याच सिमला ऑफिसातल्या नोकरीनं मला अंटार्क्टिका दाखवलं.

डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेनं ६ डिसेंबर १९८१ला गोवा सोडलं आणि ९ जानेवारीला बर्फ गाठला. दक्षिण गंगोत्री हे तिथलं भारताचं पहिलं ठाणं बर्फानं गिळलं, म्हणून १९८९मध्ये शिर्माखरच्या खडकावर मैत्री हे नवं ठाणं उभं राहिलं.

तिथं हवामानाचा फुगा सोडणं खरं कसबाचं काम. एकानं फुग्याचं तोंड धरायचं, दुसऱ्यानं ओझोन मोजणारं यंत्र छातीशी. वारा क्षणभर पडला की सोडून द्यायचं. खाली प्रियदर्शिनी सरोवर, भोवती करडा, उघडाबोडका खडक. इतकं नितळ, रौद्र सौंदर्य मी दुसरीकडे कुठंच पाहिलं नाही. तिथं जायला मिळालं, हे माझं भाग्यच.